प्रश्न उद्भवतो

विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं अशा प्रश्नांची, छापील यादी ज्यांनी कधी वाचली नसेल त्यांनी एकदा तरी वाचावी. प्रश्न ठरलेल्या साच्यात येतो. अमुक तालुक्यातल्या अमुक प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका गेल्या आठ महिन्यांपासून बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यामुळे रुग्णांची गैरसोय होत आहे, हेही खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोर मंत्र्यांचं उत्तर असतं. पहिल्या भागाला 'हे अंशतः खरे आहे', दुसऱ्याला 'हे खरे नाही', आणि शेवटच्या भागाला, जिथे विलंबाची कारणं विचारलेली असतात तिथे, तीन शब्द: 'प्रश्न उद्भवत नाही'.

हे तीन शब्द मी स्वतः कितीतरी वेळा टाइप केले आहेत. तालुका पातळीवरच्या एका सरकारी कार्यालयात मी काही वर्षं लिपिक होतो. अधिवेशन जवळ आलं की आमच्याकडे 'एलएक्यू', म्हणजे विधानसभेतले प्रश्न, यायला लागायचे. आमदार विधानभवनात प्रश्नाची सूचना देतात, ती मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्याकडे जाते, तिथून आयुक्तालयात, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला आणि शेवटी ज्या केंद्राबद्दल तक्रार आहे त्याच केंद्राकडे. उत्तर याच पायऱ्या चढून परत वर जातं. म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवलं आहे, त्याच्याच टेबलावर उत्तराचा पहिला मसुदा तयार होतो. वर जाताना प्रत्येक टेबल त्यातला एखादा टोचणारा शब्द काढून टाकतं.

वर लिहिलेला रुग्णवाहिकेचा प्रश्न मला आठवतो, कारण ती गाडी मी पाहिलेली होती. केंद्रामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती विटांवर उभी होती. मागची दोन्ही चाकं काढलेली, बॅटरी गेलेली, आत सलाईनच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग. दुरुस्तीचं अंदाजपत्रक जिल्ह्याला तीनदा पाठवलेलं होतं आणि तिन्ही वेळा काही ना काही त्रुटी काढून परत आलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी एलएक्यू आला. सोमवारी दुपारी बॅटरी आली, मंगळवारी चाकं बसली, बुधवारी गाडी रस्त्यावर होती. तिथल्या सिस्टरनी मला विचारलं, "भाऊ, पुढचं अधिवेशन कधी असतं हो? आमच्या लेबर रूमचं छतही गळतंय."

एका प्रश्नाची ताकद इतकी असते. सभागृहात तो पुकारला जाण्याच्या आधीच यंत्रणा हलते. 'विधिमंडळात नुसता आरडाओरडा चालतो, त्यातून काय निघतं' असं म्हणणाऱ्यांना मी ही गाडी सांगतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. आम्ही वर पाठवलेलं उत्तर असं होतं: 'हे अंशतः खरे आहे. सदर रुग्णवाहिका तांत्रिक कारणास्तव काही काळ बंद होती. सद्यस्थितीत रुग्णवाहिका सुरू आहे.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त आठ महिने गायब झाले होते. त्या आठ महिन्यांत किती बायकांना टेम्पोतून, जीपमधून तालुक्याला न्यावं लागलं, अंदाजपत्रक तीनदा कुणी परत पाठवलं, यातलं काहीही उत्तरात नव्हतं. ते सगळं होतं 'पूरक टिपणी'त. उत्तराबरोबर मंत्र्यांसाठी अशी एक टिपणी जाते. सदस्यांनी उपप्रश्न, म्हणजे उत्तर ऐकून तिथल्या तिथे विचारायचा पुढचा प्रश्न, विचारलाच तर मंत्री अडचणीत येऊ नयेत म्हणून तिच्यात खरा तपशील द्यावा लागतो. तारखा, आकडे, कुणाकडे फाइल किती दिवस होती, सगळं. म्हणजे खरं उत्तर लिहिलेलं असतं, टाइप झालेलं असतं, मंत्र्यांच्या हातातल्या फोल्डरमध्ये ते सभागृहात पोहोचलेलंही असतं. ते बाहेर यायला हवा असतो फक्त एक उपप्रश्न: 'सद्यस्थितीत सुरू आहे म्हणता, ती कोणत्या तारखेपासून सुरू आहे?'

त्या दिवशी तो प्रश्न पुकारलाच गेला नाही. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला. पूरक टिपणी फोल्डरमध्येच राहिली आणि फोल्डर परत आलं.

म्हणून मला हे ठामपणे मांडायचं आहे की प्रश्नोत्तराच्या तासाचा प्राण छापील प्रश्नात नसून उपप्रश्नात आहे. छापील प्रश्नाला खातं उत्तर देतं. उपप्रश्नाला मंत्र्यांना स्वतः उत्तर द्यावं लागतं. अधिकारी गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवू शकतात, पण उभं राहून बोलायचं असतं मंत्र्यांनीच. संविधानाच्या अनुच्छेद १६४ मध्ये मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल असं लिहिलं आहे. ती जबाबदारी अविश्वास ठराव येईल तेव्हाच दिसायची असेल तर पाच-पाच वर्षं दिसणार नाही. रोज दिसते ती या तासात, तीही उपप्रश्नाच्या दोन-तीन मिनिटांत.

इंग्रज सरकारला हे आपल्यापेक्षा चांगलं कळलं होतं. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या हिंदी सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. फिरोजशाह मेहता, टिळक, गोखले हे सगळे त्या काळात मुंबईच्या कायदेमंडळात बसले. पण हक्क कसा होता? आधी लेखी सूचना द्यायची, उत्तर ऐकायचं आणि खाली बसायचं. उत्तरावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. तो मिळाला १९०९ च्या सुधारणांमध्ये आणि तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. सगळ्याच सभासदांना उपप्रश्न विचारता येऊ लागले ते १९१९ च्या कायद्यानंतर. पहिला प्रश्न देऊन टाकायला सरकारची हरकत नव्हती, दुसरा प्रश्न मात्र त्यांनी सतरा वर्षं अडवून धरला. परक्या राज्यकर्त्यांना कोणत्या प्रश्नाची भीती वाटत होती, हे यावरून समजून घ्यावं. तोच दुसरा प्रश्न आज आपण गोंधळात, घाईत, गैरहजेरीत घालवून बसतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

स्वतंत्र भारतात उपप्रश्न काय करू शकतो ते १९५७ मध्ये दिसलं. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. विमाधारकांच्या पैशातून हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले गेले. त्याबद्दल लोकसभेत प्रश्न आला तेव्हा सरकारचं पहिलं उत्तर गुळमुळीतच होतं. पण सदस्यांनी पिच्छा सोडला नाही आणि डिसेंबरात फिरोज गांधींनी सभागृहात कागद मांडून प्रकरण उघडं केलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. यातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट अशी की फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. आज सत्ताधारी बाकांवरून 'माननीय मंत्रिमहोदयांनी जे उत्कृष्ट काम केलं आहे त्याबद्दल त्यांचं अभिनंदन करून मी विचारू इच्छितो' अशी सुरुवात ऐकली की मला ते आठवतात. सरकारला प्रश्न विचारणं हे विरोधकांचं काम आहे असं संविधानात कुठेही लिहिलेलं नाही. मंत्री नसलेला प्रत्येक सदस्य त्या तासापुरता लोकांच्या बाजूचा असतो, मग तो कुठल्याही बाकावर बसो.

उपप्रश्न नसला की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. लेखी उत्तरं तेवढी मिळणार होती. पहिल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, या प्रश्नावर कामगार मंत्रालयाने लेखी कळवलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्यांच्या कुटुंबीयांना काही मदत दिली का, यावर उत्तर होतं की वरील बाब पाहता प्रश्न उद्भवत नाही.

त्याच वर्षी ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडलं होतं. जालन्याहून ते चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. ती सोळा माणसं तरी मोजलेली होती. १४ सप्टेंबरला सभागृहात एखादा सदस्य उभा राहून 'औरंगाबादचे सोळा तरी तुमच्या नोंदीत आहेत की नाहीत?' एवढंच विचारू शकला असता, तर मंत्र्यांना हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. 'नोंद नाही' हे उत्तर कागदावर टिकतं. माणसाच्या तोंडावर ते टिकवून धरणं अवघड असतं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही, असं उत्तर राज्यसभेत आलं, तेही लेखीच. तुम्ही राज्यांना तसं विचारलं होतं का, हा त्यावरचा अगदी साधा उपप्रश्न होता.

हे एका पक्षाबद्दल नाही. त्याच काळात महाराष्ट्रात दुसऱ्या पक्षांचं सरकार होतं, आणि इथेही २०२० आणि २०२१ ची पावसाळी अधिवेशनं दोन-दोन दिवसांत गुंडाळली गेली. विरोधात असताना प्रश्नोत्तराच्या तासासाठी गळा काढणारे सत्तेत आले की तो तास त्यांना अडचणीचा वाटू लागतो, आणि सत्तेतून बाहेर पडलेल्यांना त्याचं महत्त्व नव्याने उमगतं. म्हणून या बाबतीत कुठल्याही सरकारवर विसंबून चालणार नाही.

यावर काही लोक म्हणतात की आता माहिती अधिकार आहे, जे आमदार विचारायचे ते सामान्य माणूसही दहा रुपयांचं तिकीट लावून विचारू शकतो. माहिती अधिकाराने या देशात मोठं काम केलं आहे, मी त्याच्या बाजूचाच माणूस आहे. २००५ च्या त्या कायद्यात एक सुंदर वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. म्हणजे नागरिकाचा हक्क कायद्याने सभागृहाच्या हक्काला जोडलेला होता. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात ते वाक्य गाळायची तरतूद झाली आणि त्यावर म्हणावी तेवढी ओरडही झाली नाही. पण ते वाक्य शाबूत असतं तरी माहिती अधिकारात मिळतो तो कागद. 'का?' या शब्दाला माहिती अधिकारात उत्तर नाही. अंदाजपत्रकाची प्रत मिळेल, ते तीनदा का परत गेलं याचं कारण सांगायला कुणी बांधलेलं नसतं. 'का' विचारायची जागा सभागृह हीच आहे.

दुसरा आक्षेप जुना आहे. प्रश्न विकले जातात. होय, विकले गेले आहेत. १९५१ मध्ये मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतल्याबद्दल एच. जी. मुद्गल यांना हंगामी संसदेतून जावं लागलं. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात अकरा खासदारांना संसदेने बडतर्फ केलं. ही लाजिरवाणी प्रकरणं आहेत. पण त्यांतून निष्कर्ष काय काढायचा? ज्याला किंमत नाही ते कुणी विकत घेत नाही. प्रश्नाने खात्यातली फाइल हलते, हे दलालांना ठाऊक आहे. ते मतदारांना ठाऊक नसावं, हे जास्त वाईट.

आणि तिसरा आक्षेप, जो शहाण्यासुरत्या लोकांकडून ऐकू येतो: आमदारांनी धोरणावर बोलावं, गटारं आणि रुग्णवाहिका कसल्या विचारतात. मला हे अजिबात पटत नाही. धोरण फसतं ते एका विशिष्ट गावात, एका विशिष्ट शेडमध्ये, विटांवर उभ्या असलेल्या गाडीच्या रूपाने. चांगला सदस्य त्या गाडीपासून सुरुवात करतो आणि दुसऱ्या उपप्रश्नात विचारतो की राज्यात अशा बंद रुग्णवाहिका किती आहेत, दुरुस्तीचे अधिकार तालुक्याला का नाहीत. तिथे गटार संपतं आणि धोरण सुरू होतं. मृणालताई गोरे पाण्यासाठी मोर्चे काढत विधानसभेत पोहोचल्या. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांना लोकांनी अकरा वेळा निवडून दिलं. ही माणसं गावातला प्रश्न सभागृहात आणायची, ते त्यांना कमीपणाचं वाटलं नाही.

उपप्रश्नासाठी वेळ लागतो, हे मात्र आपण विसरतो. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न यादीवर असतात आणि तोंडी उत्तरापर्यंत त्यातले मोजकेच पोहोचतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका दिवशी सगळे वीस प्रश्न पुकारले गेले, १९७२ नंतर पहिल्यांदा, आणि त्याचं भरपूर कौतुक झालं. तो दिवस गोंधळाविना गेला, याचा मलाही आनंद आहे. पण साठ मिनिटांत वीस म्हणजे एकेका प्रश्नाला तीन मिनिटं. त्यात मंत्र्यांना घाम फुटेल असा उपप्रश्न कधी विचारायचा? मला विचाराल तर सहाच प्रश्न घ्या, पण प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. मंत्री सुटणार नाहीत इतका वेळ द्या. गोंधळ घालून तास वाया घालवणाऱ्या विरोधकांना तर मी हात जोडून सांगेन की तुम्ही बंद पाडता तो तास सरकारचा नसतो. सरकारला त्या तासाला उत्तर द्यायचं असतं. तुम्ही वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलात की मंत्री सुटकेचा श्वास टाकतात आणि पूरक टिपण्या बंद फोल्डरमध्ये परत जातात. राज्यसभेने गोंधळाला कंटाळून २०१४ मध्ये हा तास अकरावरून बारावर नेला. वेळ बदलली, सवय बदलली नाही.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. पूरक टिपणी उत्तराबरोबर पटलावर ठेवावी, ही माझी पहिली मागणी. प्रश्न पुकारला गेला नाही तरी ती सदस्यांना आणि लोकांना मिळावी. गोपनीय असेल ते वगळा, पण गाडी किती महिने बंद होती यात राज्याची कोणती सुरक्षा धोक्यात येते? 'माहिती घेण्यात येत आहे' असं उत्तर देणाऱ्या खात्याने ती कधीपर्यंत मिळेल याची तारीख त्याच वाक्यात लिहावी. ब्रिटनमध्ये १९६१ पासून पंतप्रधानांसाठी प्रश्नांची ठरलेली वेळ आहे. मुख्यमंत्र्यांसाठी दर आठवड्याला अर्धा तास, सूचनेशिवायचे प्रश्न, हे महाराष्ट्राने करून दाखवावं. देशात अनेक चांगल्या गोष्टी इथून सुरू झाल्या आहेत. रोजगार हमी इथूनच गेली.

आणि आश्वासनं. मंत्री सभागृहात 'तपासून पाहतो', 'तीन महिन्यांत करतो', 'कारवाई करतो' म्हणतात ते सगळं आश्वासन धरलं जातं. ते पुरं झालं का हे पाहायला लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे, आपल्या विधिमंडळातही आहे. माझ्या नोकरीच्या काळात जुन्या आश्वासनांच्या पूर्ततेची पत्रं कपाटातून निघायची. ज्या शाळेच्या खोलीबद्दल आश्वासन होतं त्या खोलीत शिकणारी मुलं तोवर कॉलेजात गेलेली असायची. ही यादी खात्यानुसार, तालुक्यानुसार, मंत्र्यांच्या नावासह आणि तारखेसह लोकांना मोबाइलवर दिसायला हवी.

राहिले आपण. आमदार लग्नाला आले का, तेराव्याला आले का, वर्गणी किती दिली, हे आपण बारकाईने पाहतो, आणि तेही बिचारे सगळा वेळ त्यातच घालवतात. अधिवेशन संपवून ते मतदारसंघात परत येतात तेव्हा हार घालायला गर्दी होते. त्या गर्दीत एखाद्याने हार थोडा वेळ हातातच ठेवावा आणि विचारावं: साहेब, आपल्या तालुक्यावर या अधिवेशनात कोणता प्रश्न लागला होता? त्यावर तुम्ही उपप्रश्न काय विचारलात? मंत्र्यांनी कोणती तारीख दिली?